'मुख्य नियोक्ता' : एका कायदेशीर संकल्पनेची चिकित्सा

कामगारास कामावर घेताना मालकावर कोणती बंधने येतात, या प्रश्नाची चर्चा बहुधा नोंदणी, वेतनपत्रक, भविष्यनिर्वाह निधी व विम्याची वर्गणी यांच्या यादीपाशी संपते. वस्तुतः बंधने कोणती, हे पाहण्यापूर्वी ती कोणावर, हे ठरले पाहिजे. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हाच प्रश्न अधिक बिकट आहे. तेथील मोटारउद्योगात कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि शिकाऊ उमेदवार असे तिन्ही वर्ग आढळतात. त्यांपैकी शिकाऊ उमेदवार हा 1961 च्या अधिनियमानुसार कामगारच नव्हे. आणि कंत्राटी कामगाराचा मालक कारखान्याबाहेरचा असतो.

1970 च्या कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियमाने मालकाचे 'मुख्य नियोक्ता' व 'कंत्राटदार' असे दोन भाग केले. वेतन कंत्राटदाराने द्यावे. त्याने कसूर केल्यास मुख्य नियोक्त्याने ते देऊन त्याच्याकडून वसूल करावे, अशी योजना होती. म्हणजे नावाने जो मुख्य, तो जबाबदारीच्या दृष्टीने केवळ जामीनदार ठरला. समान कामास समान वेतन हे तत्त्वही अधिनियमात नव्हते. 1971 च्या केंद्रीय नियमांत ते कंत्राटदाराच्या परवान्याची एक अट म्हणून आले.

21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कल्याणसुविधांचा भार थेट मुख्य नियोक्त्यावर टाकला आणि गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु जे काम सामान्यतः कंत्राटदाराकरवीच करून घेतले जाते, त्याला या मनाईतून सूट आहे. ज्या प्रघाताला आळा घालावयाचा, तोच येथे सुटीचा आधार होतो. शिवाय मूळ केंद्रीय अधिनियम 20 कामगारांपासून लागू होई. संहितेतील हे प्रकरण 50 पासून लागू होते.

वाहनांची मागणी चढउताराची असते, सबब उद्योगास लवचिकता हवी, हा युक्तिवाद निराधार नाही. मात्र चाकणमध्ये ज्या देशाच्या कंपन्यांचे मोटार-कारखाने आहेत, त्या जर्मनीचा कायदा याच गरजेचा विचार निराळ्या रीतीने करतो. उसनवार कामगारांविषयीच्या तेथील 1972 च्या कायद्यात 2017 साली झालेल्या सुधारणेनुसार एक कामगार एकाच कारखान्यात सामान्यतः 18 महिनेच ठेवता येतो, व नऊ महिन्यांनंतर त्यास समान वेतन द्यावे लागते. सामूहिक करारांनी यांत फरक करता येतो, हे खरे. पण मुदत उलटल्यास, कामगाराने हरकत न घेतल्यास, तो कारखानाच कायद्याने त्याचा मालक बनतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात असे आपोआप सामावून घेणे नाकारले. कंत्राट केवळ देखावा आहे, हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करणे कामगाराच्याच वाट्याला आले.

लवचिकता आणि थेट जबाबदारी यांचा मेळ भारतीय विधिमंडळास अपरिचित होता, असेही म्हणता येत नाही. औद्योगिक संबंध संहितेतील मुदतबंद कामगार मालकाने स्वतःच नेमावयाचा असतो आणि त्याचे वेतन कायम कामगारापेक्षा कमी ठेवता येत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षाच्या सेवेनंतर तो उपदानासही पात्र होतो. हा मार्ग उपलब्ध असता मध्यस्थाची वाट मोकळी ठेवणे ही या संहितांतील मोठी विसंगती होय. ज्याच्या यंत्रावर कामगार राबतो, त्याच्यावरच नियोक्त्याचे मूळ दायित्व असले पाहिजे. एरवी 'मुख्य' हे विशेषण निरर्थक ठरते.