संयमाची पुण्याई

रोज ओरडणाऱ्या मास्तरांचे ओरडणे वर्गाच्या भिंतींनाही पाठ होते. पण एरवी शांतपणे शिकविणारे मास्तर वर्षातून एकदा थांबून "हे बरे नव्हे" म्हणाले, की सारा वर्ग ऐकतो. अमेरिकेचे दूरचित्रवाणी-वार्ताहर वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या कारकिर्दीचे मर्म मला इथेच सापडते.

१९१६ साली मिसुरी राज्यात जन्मलेल्या या गृहस्थांनी महाविद्यालय अर्धवट सोडून वार्ताहराचा पेशा धरला. (मजसारख्या मॅट्रिकवाल्याला हे वाचून थोडे बरे वाटले!) दुसरे महायुद्ध त्यांनी 'युनायटेड प्रेस'साठी प्रत्यक्ष पाहिले. १९५० मध्ये ते सीबीएसमध्ये आले आणि १९६२ पासून १९८१ पर्यंत त्या संस्थेच्या सायंकाळच्या बातम्या त्यांनी दिल्या. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडी गेल्याचे सांगताना त्यांनी चष्मा काढला, घड्याळाकडे पाहिले, आवंढा गिळला आणि ते पुढे सांगू लागले. शोक होता, शोकाचे प्रदर्शन नव्हते.

अशा माणसाने व्हिएतनामहून परतल्यावर, २७ फेब्रुवारी १९६८ रोजी, हे युद्ध कोंडीत सापडले आहे, आता वाटाघाटी कराव्यात, असे सांगितले; आणि हे आपले मत आहे, हेही लपविले नाही. ते ऐकून अध्यक्ष जॉन्सन खचले, अशी कथा पुढे फार रंगली. वास्तविक जॉन्सन त्या रात्री टेक्ससमध्ये एका वाढदिवसाच्या समारंभात होते. त्यांनी तो कार्यक्रम त्या वेळी पाहिलाच नाही. पण दंतकथा गळून पडली म्हणून माणूस लहान होत नाही. शब्दाने सत्ताधीश हलला की नाही, यावरून वार्ताहराची थोरवी मोजू नये. तो शब्द खर्चण्यापूर्वी त्याने किती वर्षे जपला, हे पाहावे.

क्रॉन्काइट रोज शेवटी 'हे असे आहे' अशा अर्थाचे एक वाक्य म्हणत. अर्ध्या तासात जग मावते, असा थोडा आव त्यात होता खरा. परंतु ज्या दिवशी शेवट स्वतःच्या मताने होई, त्या दिवशी ते वाक्य ते गाळीत. एवढा विवेक मला मोठा वाटतो.

२००९ साली ते गेले. परवा आमच्या घरी बातम्या चालू असताना धाकटीने विचारले, "बाबा, हे बातमी सांगताहेत की भांडताहेत?"

मास्तर असूनही मला उत्तर देता आले नाही.