सेलबोर्नचं रान खरंच शांत होतं का?



आज एका रानाबद्दल आणि त्या रानावरच्या एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. रान इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशर परगण्यातल्या सेलबोर्न या खेड्यातलं. पुस्तक गिल्बर्ट व्हाइट यांचं, ‘द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेलबोर्न’, १७८९ सालचं. व्हाइट ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजचे फेलो आणि चर्चचे धर्मोपदेशक. जन्म याच गावात, १७२० साली. मृत्यूही इथेच, १७९३ साली. पुस्तकातला निसर्गाचा भाग म्हणजे थॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोन अभ्यासकांना लिहिलेली पत्रं.

गावामागे खडूच्या खडकाची सुमारे ३०० फूट उंच टेकडी आहे. तिच्या उभ्या उतारावर बीच वृक्षांचं रान आहे. अशा उतारावरच्या रानाला तिकडे ‘हँगर’ म्हणतात. १७५३ साली गिल्बर्ट आणि त्यांचे भाऊ जॉन यांनी त्यातून वर जाणारी नागमोडी वाट काढली. ‘झिगझॅग’ या नावानं ती वाट आजही चालात येते. लोक तिथे जातात ते शांततेसाठी. पुस्तकही त्याच भावनेनं वाचलं जातं: शांत रान, शांत माणूस, शांत पुस्तक. माझा आक्षेप या ‘शांत’ शब्दाला आहे.

पण आधी पुस्तकाचं बळ काय, ते सांगितलं पाहिजे. पानांच्या गर्दीत फिरणारे तीन प्रकारचे छोटे वटवट्ये आहेत. दिसायला इतके सारखे, की ते एकच पक्षी म्हणून खपून जावेत. व्हाइट यांनी १७६८ साली पेनंटना कळवलं की या तीन वेगळ्या जाती आहेत, कारण तिघांचे आवाज नेहमी वेगळे असतात. हे त्यांनी ओळखलं ते वर्षानुवर्षं त्याच झाडांखाली कान देऊन. तत्त्वज्ञानात आपण ‘अवधान’ म्हणतो ना, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला वर्गात कधी देता आलं नाही.

आता गंमत बघा. त्याच पत्रात ते लिहितात की तिन्ही जातींचे नमुने माझ्यासमोर ठेवलेले आहेत. नमुने म्हणजे काय? मेलेले पक्षी. त्या काळी दुर्बीण लावून निरीक्षण करण्याची सोय नव्हती. खात्री करायची तर पक्षी हातात हवा, आणि तो हातात यायचा तो बहुधा बंदुकीच्या वाटेनं. म्हणजे त्या सुंदर ऐकण्याच्या शेवटी टेबलावर मेलेले पक्षी आहेत. व्हाइट हे लपवत नाहीत. आपण मात्र वाचताना ते वाक्य ओलांडून पुढे जातो.

दुसरा प्रसंग ओकचा. लोझेल्स नावाच्या काही एकरांच्या छोट्या रानात उंच, सरळ ओक होते. मधल्या एका ओकवर रेव्हन पक्ष्यांचं घरटं असे. रेव्हन म्हणजे आपल्या डोमकावळ्याचा थोराड भाऊबंद. इतकी वर्षं ते घरटं तिथे होतं, की त्या झाडाचं नावच पडलं होतं ‘रेव्हनचं झाड’. गावातली पोरं चढायचा प्रयत्न करायची, पण खोडाला मध्येच मोठा फुगवटा होता. तिथून माघारी यायची. मग थेम्सवरच्या एका पुलासाठी लाकूड हवं झालं. अशी २० झाडं विकली गेली, प्रत्येकी २० पौंडांना. तोड झाली फेब्रुवारीत, म्हणजे मादी अंड्यांवर बसायच्या दिवसांत. करवत चालली, पाचरी ठोकल्या गेल्या, झाड हलू लागलं, तरी मादी उठली नाही. झाड पडलं तेव्हा ती फेकली गेली आणि फांद्यांचे फटके बसून मेली.

व्हाइट तिच्या मायेबद्दल हळहळतात. पण झाड तोडायला हवं होतं का, निदान फेब्रुवारीत तोडायला हवं होतं का, हा प्रश्न ते विचारत नाहीत. किंमत आणि मरण जवळजवळ मांडतात आणि थांबतात.

डेव्हिड ह्यूम हे व्हाइट यांचे समकालीन. ‘आहे’ या विधानांवरून ‘असावं’ हे विधान निघत नाही, हा ह्यूम यांचा मुद्दा मी वर्षानुवर्षं शिकवला. त्या सवयीनं मी म्हणत असे की व्हाइट इथे अंग चोरतात. हा हळव्या, पण सुखवस्तू माणसाचा पळपुटेपणा आहे. आज मला ते मत अर्धंच बरोबर वाटतं. घरट्याचा महिना, झाडाची किंमत, पक्ष्याचं मरण हे कुणी नोंदवलंच नसतं, तर ‘असावं’ हा प्रश्न आपण कशाच्या आधारावर विचारला असता? नोंद म्हणजे न्याय नव्हे. पण नोंदीशिवाय न्यायाला पुरावा उरत नाही.

अर्धं मत मात्र मी सोडत नाही. पेनंटना लिहिलेल्या आणखी एका पत्रात वॉल्टम भागातल्या हरणचोरांची हकीकत आहे. तोंडं काळी करून हरणं मारणाऱ्या या लोकांसाठी १७२३ साली ‘ब्लॅक ॲक्ट’ आला. त्यात कितीतरी गुन्ह्यांना फाशी होती. इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९७५ साली ‘व्हिग्ज अँड हंटर्स’ या पुस्तकात दाखवलं की त्यामागे जंगलावरच्या हक्कांचा झगडा होता. व्हाइट त्या कायद्याच्या कठोरपणाची दखल घेतात. वॉल्टम चेसमध्ये पुन्हा हरणं सोडायला बिशप होडली यांनी नकार दिला, आधीच पुरे अनर्थ झालाय म्हणून, हेही ते सांगतात. पण चोरट्या शिकाऱ्यांकडे ते पाहतात वरून, उपदेशकाच्या जागेवरून. रेव्हनच्या मादीला त्यांच्या लेखणीत मन आहे. रात्री हरणामागे जाणाऱ्या माणसाला तेवढं मन नाही. माझ्या मते पुस्तकाची खरी उणीव ही आहे.

मग पुस्तक वाचायचं का? जरूर वाचायचं, पण विश्रांतीची जागा म्हणून नको. बीचच्या त्या उतारावर कान देणारा माणूस आपल्याला ऐकायला शिकवतो. ती विद्या घ्यावी आणि त्यांनी जिथे ऐकणं थांबवलं, तिथून पुढे आपण ऐकावं. कुठल्याही रानात ‘किती शांत आहे इथे’ असं तोंडातून निघालं, की स्वतःला विचारा: ही शांतता कुणाकुणाला गप्प करून आली आहे?

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.