‘स्थिर’ होडी म्हणजे नेमकी कोणती?

देवगाव रंगारीपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मग इथे शिडाच्या होडीवर व्याख्यान कशाला, असं तुम्हाला वाटेल. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. एका शब्दात दोन अर्थ लपले की विचार फसतो, हे दाखवणं आमचं कामच. होडीची स्तुती ‘हलकी, वेगवान, स्थिर’ अशी होते. आमचा आक्षेप त्यातल्या ‘स्थिर’ला आहे.

कडब्याची गाडी बघा. चाकांतलं अंतर जास्त असलं की ती सहज कलत नाही. पण कलंडली की आपणहून उठतही नाही. रुंद, हलकी होडी तशीच. उलट, तळाखाली खोलवर शिसं असलेली अरुंद होडी वाऱ्याने लगेच कलते, पण पालथी झाली तरी बुडाला जड असलेल्या बाहुलीसारखी परत उठते. पहिली स्थिरता रोज दिसते. दुसरी वादळातच कळते.

वेगाचं काय? पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळाने बांधलेला असतो: 25 फुटांना साधारण 6.7 नॉट, 49 फुटांना 9.4. हलकी होडी जोराच्या वाऱ्यात पाण्यावरून घसरत जाते आणि ही मर्यादा ओलांडते.

मुंबईत बांधलेल्या 32 फुटी सागवानी ‘सुहेली’तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1969 मध्ये एकट्याने, न थांबता केलेली पृथ्वीप्रदक्षिणा संपवली, दिवस लागले 312. गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या 56 फुटी ‘म्हादेई’वर अभिलाष टॉमींना 2012-13 मध्ये 151 लागले. मार्ग वेगळे, साधनं वेगळी; तरी लांबीचा वाटा नाकारता येत नाही.

2018 मध्ये टॉमी ‘सुहेली’च्याच धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘तुरिया’त होते. दक्षिण हिंदी महासागरात ती लाटेने उलटली आणि फिरून सरळ झाली. पण डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. होडी उठली, माणसाला उठता येईना! म्हणजे दुसरी स्थिरताही एकटी पुरत नाही.

मग होडी हलकी करू नये का? जरूर करावी. पण वजन डोलकाठीतून, डेकवरून काढा. त्यातलं थोडं खाली, तळाशी द्या. प्रश्न वजन किती याइतकाच ते कुठे आहे याचाही आहे. आणि कुणी ‘स्थिर’ म्हणालं, तर एवढंच विचारा: किती कललेली होडी परत उठते? उत्तर आलं नाही, तर त्या होडीत बसू नका.