पेटीचे दोन जास्तीचे झटके

पेटीला नावे ठेवणे हा गाणे कळत असल्याचा सर्वांत स्वस्त दाखला आहे. तंबोरा जुळवायला कान लागतो, ख्याल गायला जन्म लागतो, "पेटी बेसूर हो!" म्हणायला नुसती मान हलवता आली की झाले.

आता, आरोप खोटा आहे असेही नाही. सा २४० कंपनांचा धरला, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार बरोबर ३०० कंपनांचा असतो. पेटीचा भरतो ३०२ च्या वर. युरोपातल्या लोकांनी सप्तकाचे बारा सारखे भाग पाडले, चाळीतल्या खोल्यांसारखे. त्यांना एकच वाद्य कुठल्याही पट्टीत वाजवायचे होते. म्हणून स्वरांनी थोडी थोडी अडचण सोसावी, असा तो समझोता. आपल्याकडे एकदा सा बसला की मैफल संपेपर्यंत तो उठत नाही. मग हा समझोता आपल्याला कशाला? शिवाय पेटीत मींड नाही. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागी फक्त धूळ असते.

पॅरिसच्या दबँने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. पायाने भाता हाणायचे ते वाद्य इथे आले आणि मांडी घालून बसले. आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून त्याला दार बंद केले. ते थोडे किलकिले व्हायला १९७१ उजाडले. गंमत म्हणजे पेटीविरुद्ध लेखणी उचलणाऱ्यांत जॉन फोल्ड्स हा अस्सल इंग्रज संगीतकार होता. इकडे 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे पेटीच वाजवत होते!

पण संगीतातली सोय काही आजची नव्हे. अंबरनाथचे शिवमंदिर इसवी सन १०६० चे. त्याच शतकात इटलीत ग्वीदो नावाचा साधू मुलांना उत्-रे-मी शिकवत होता, कारण ऐकून ऐकून स्तोत्रे पाठ करण्यात त्यांची वर्षेच्या वर्षे जात. सामान्य गळ्यासाठी काढलेली युक्ती ती.

बदलापूरला लोकलमधून चेंगरून उतरलेला माणूस रात्री नऊला भजनाला बसतो, तेव्हा तंबोरा कोण जुळवणार? पेटीचे झाकण उघडले की सा तयार. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी जिथे उल्हासनगर वसवले, तिथल्या सत्संगातही हीच पेटी, हाच ढोलक. या माणसांचे गाणे त्या दोन कंपनांपायी बंद पाडावे काय?

माझी तक्रार वेगळीच आहे. गाण्याच्या क्लासात पोराचा गळा पहिल्या दिवसापासून पट्टीला बांधतात. बोट दाबले की गंधार, बोट उचलले की गंधार गुल! पेटीने साथ करावी, शिकवणी धरू नये. ज्याने आधी तंबोऱ्याशी बसून गंधार ओळखला, त्याला पेटी बिघडवू शकत नाही.

आणि शुद्ध स्वरांच्या कैवाऱ्यांनी तक्रार जरूर करावी. फक्त नऊच्या भजनाला पावणेनऊला यावे, आणि तंबोरा जुळवून द्यावा.