सक्तीच्या आज्ञांची यादी

शाळेच्या प्रयोगशाळेत कोणती उपकरणे असलीच पाहिजेत याची यादी करायला बसले, की दोन प्रश्न पुढे येतात. उपकरण चांगले आहे का, हा पहिला. दुसरा अधिक महत्त्वाचा : ते प्रत्येक शाळेत असेल असे धरून पुस्तकात प्रयोग लिहिता येईल का? संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीही अशी एक यादी आहे. ज्या मानकात ती आहे त्याचे नाव पॉझिक्स. ही यादी या दुसऱ्या प्रश्नाला किती उतरते, ते पाहू.

युनिक्स घराण्यातील संगणकांवर नाव टंकून चालवायच्या छोट्या आज्ञा असतात : ओळी शोधणारी ग्रेप, क्रम लावणारी सॉर्ट, मजकूर बदलणारी सेड. अशा आज्ञा एकाखाली एक लिहिल्या की शेल स्क्रिप्ट तयार होते. १९८०च्या दशकात निरनिराळ्या उत्पादकांची युनिक्स एकमेकांशी पूर्णपणे जुळत नसत, म्हणून मानकाची गरज पडली. पॉझिक्सचा पहिला भाग १९८८ साली, तर शेल आणि आज्ञांचा भाग १९९२ साली मंजूर झाला. त्यानंतरच्या मोठ्या सुधारित आवृत्त्यांपैकी एक २०२४ची आहे.

नांदेडजवळ विष्णुपुरीला अभियांत्रिकी संस्था आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही आहे. समजा, तेथील एका विद्यार्थ्याने गुणपत्रके जुळवणारी स्क्रिप्ट लिहिली आणि लातूरच्या एखाद्या महाविद्यालयातील वेगळ्या यंत्रावर नेली. तिच्यातील प्रत्येक आज्ञा तेथे असेल आणि तशीच वागेल, ही हमी या यादीतून मिळायला हवी.

काही बाबतींत ती उत्तम मिळते. ऑक ही आज्ञा १९७७ साली बेल प्रयोगशाळेत तयार झाली. मानकात येईपर्यंत तिला पंधरा वर्षांचा वापर लाभला होता. रुळलेल्या व्यवहाराला मानकाने नेमके शब्द दिले आणि ते टिकले.

पॅक्सची गोष्ट उलटी. फायलींचे गाठोडे बांधण्यासाठी टार आणि सीपीआयओ अशा दोन आज्ञा प्रचारात होत्या आणि दोहोंना समर्थक होते. वाद मिटवण्यासाठी मानकाने दोन्ही प्रकारची गाठोडी वाचणारी पॅक्स ही तिसरी आज्ञा पुढे केली. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ शांतता. शांतता झाली, पण लोक टारच वापरत राहिले. परिणाम असा, की सक्तीची पॅक्स लिनक्सच्या अनेक वितरणांत आपोआप बसवली जात नाही, आणि जवळपास सर्वत्र असलेली टार यादीत नाही. कपाटात नसलेले उपकरण यादीत असून शिक्षकाला काय उपयोग?

यावरून एवढेच ठरते, की सक्ती वापराच्या मागून यावी. पण वापर कोणाचा, हा प्रश्न उरतोच. २०२४च्या आवृत्तीत फोरट्रान ७७ची आज्ञा वगळली गेली आणि संदेशांचे भाषांतर पुरवणारी गेटटेक्स्ट ही आज्ञा तिच्या सोबतिणींसह आली. गेटटेक्स्टचे मुक्त रूप १९९५पासून उपलब्ध होते. म्हणजे ते रुळल्यावरही जवळजवळ तीस वर्षे यादीबाहेर राहिले! इंग्रजीत काम करणाऱ्याला तिची उणीव भासत नाही. मराठीत मात्र 'एक नोंद सापडली' आणि 'पाच नोंदी सापडल्या' या वाक्यांत नाम बदलते, क्रियापदही बदलते. शेवटी एक अक्षर जोडून भागत नाही, पूर्ण वाक्यच निवडावे लागते. तशी निवड करणारी आज्ञा आता मानकात आहे.

सॉर्टची कहाणीही विचार करण्यासारखी आहे. युनिकोडच्या तक्त्यात ळ हे अक्षर ल आणि व यांच्यामध्ये येते. आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते. प्रत्येक भाषेचा क्रम पाळण्याची सोय मानकाने सॉर्टला दिली, हे योग्यच. परंतु मराठीचा क्रमतक्ता पुरवण्याची सक्ती नाही. आज्ञा सक्तीची आणि तिला लागणारी सामग्री ऐच्छिक, असा हा प्रकार. जगातील सर्व भाषांचे तक्ते एका मानकात कोंबणे अवघड आहे, हे मान्य. तरीही मराठी याद्या लावणाऱ्यासाठी हमी येथे अर्धीच राहते.

एकूण पाहता ही यादी जेथे व्यवहाराचे ऐकते तेथे भक्कम आहे, जेथे तडजोडीसाठी नवे काढते तेथे कमकुवत आहे, आणि इंग्रजीबाहेरच्या गरजांकडे तिचे लक्ष उशिरा गेले. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांनी ही यादी आणि आपल्या प्रयोगशाळेतील यंत्र शेजारी ठेवून विद्यार्थ्यांकडून एकेक आज्ञा तपासून घ्यावी. कागदावर आहे पण यंत्रात नाही, यंत्रात आहे पण कागदावर नाही, अशा दोन रकान्यांची नोंद ठेवावी. मानक म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा त्या दोन रकान्यांतून लवकर समजेल.