‘परियेरुम पेरुमाळ’ : सांत्वन आणि न्याय

मारी सेल्वराज यांचा ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) हा तमिळ चित्रपट तिरुनेलवेलीच्या विधि महाविद्यालयात घडतो. नायकाचे नाव म्हणजे अश्वारूढ देवाचे नाव होय. देवळाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असणाऱ्या आमच्या वाचकांस नामाचे माहात्म्य सांगावयास नको. परंतु हेच नाव धारण करणाऱ्या दलित तरुणास सहाध्यायी स्त्रियांच्या स्वच्छतागृहात कोंडतात, तेव्हा ते माहात्म्य कोठे जाते, हा प्रश्न दिग्दर्शकाने न बोलताच आपणांपुढे ठेवला आहे.

द्वेषाचा आरंभ मारहाणीने होत नाही, हे या कृतीचे मर्म. परियनला इंग्रजीतील व्याख्यान उमगत नाही आणि भर वर्गात त्याची शोभा होते. तेथून हात उगारण्यापर्यंतची वाट दिग्दर्शकाने पायरीपायरीने दाखविली आहे. लोकनृत्यात स्त्रीवेष घेऊन नाचणारा त्याचा बाप महाविद्यालयात येतो, तेव्हा त्याचीही विटंबना होते. तो प्रसंग पाहताना मान खाली जाते. याच वर्गात त्याला इंग्रजी शिकविणारी ज्योती आहे, आणि वरच्या जातीतला असूनही त्याची सोबत न सोडणारा आनंद आहे. प्रतिबंधाचे बीज आम्हांस या दोघांच्या साध्या वागण्यात दिसते.

प्राचार्यांचे पात्र हे चित्रपटाचे वैभव आहे; आमच्या मते त्याची उणीवही तेथेच आहे. स्वतः अवहेलना सोसून वर आलेले हे गृहस्थ परियनला झपाटून शिकावयास सांगतात. खोलीत गळफास लावून घेण्यापेक्षा पोराने झुंजत राहिलेले बरे, असे त्यांचे मत. अंतःकरण हेलावून जाते. तथापि अपमानाचे उत्तर अपमानितानेच द्यावे, हा त्या उपदेशाचा मथितार्थ. संस्थेने काय करावे, याकडे कथेचे लक्ष वळत नाही.

हा प्रश्न पडद्यापुरता नाही. भेदभावाच्या तक्रारींसाठी महाविद्यालयांत स्वतंत्र अधिकारी व समान संधी कक्ष असावा, असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ सालीच केला होता. तरीही २०१६ साली हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत पायल तडवी यांनी आपली जीवनयात्रा संपविली. नियमांचा अंमल व्हावा, म्हणून त्यांच्या मातांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. पुत्रकन्या गमावलेल्या आयांवर हे काम यावे, यापरते संस्थांचे अपयश कोणते? तक्रार लिहून घेणे, पीडितास संरक्षण देणे आणि चौकशी वेळेत पुरी करणे, हे सांत्वनाच्या आधीचे कर्तव्य होय.

अखेरीस पडद्यावर चहाचे दोन पेले उरतात; एक दुधाचा, एक कोरा, आणि मध्ये एक फूल. दिग्दर्शकाने समेटाचा खोटा दिलासा दिलेला नाही, हे आम्हांस विशेष भावले. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींसमवेत आमच्या वाचकांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. आणि आपल्या मुलाच्या वर्गात कोण एकटा बसतो, एवढे त्यांना घरी विचारावे.