जिद्द हे इंधन नव्हे : ‘चंदू चॅम्पियन’ पाहिल्यानंतर

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे ‘इच्छाशक्ती’ हा शब्द आला की आमचे कान टवकारतात. जून २०२४ मध्ये आलेला कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ याच शब्दाभोवती फिरतो. आज त्याच्याविषयी बोलू, पण स्नायूंच्या बाजूनं.

गोष्ट आपल्या जवळची आहे. मुरलीकांत पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातले, सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुढं त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. टेल्को म्हणजे काय हे पिंपरीकरांना आम्ही काय सांगणार! १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ते ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहले. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक.

आता त्या ३७ सेकंदांत शरीरात काय घडतं ते बघा. स्नायूला चालणारं नाणं एकच, एटीपी. त्याची शिल्लक दोन-तीन सेकंद पुरेल एवढीच. ती भरून काढायला क्रिएटिन फॉस्फेट धावतं, पण दहाएक सेकंदांत तेही ओसरतं. मग मोठा भार पडतो ग्लायकोजेनवर, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेवर. ऑक्सिजनची वाट न बघता ती फोडली जाते. काम झटपट होतं, पण महागात पडतं : ग्लुकोजच्या एका रेणूमागे २ एटीपी. तोच रेणू ऑक्सिजनच्या मदतीनं सावकाश वापरला तर ३० च्या आसपास मिळतात. या व्यवस्था पाळीपाळीनं नव्हे, एकदमच चालू असतात. बदलतो तो प्रत्येकीचा वाटा. आणि इथं पायांची साथ नव्हती. सगळा खर्च खांदे, दंड आणि पाठीनं उचलला.

चित्रपटाच्या प्रसिद्धीत मात्र दुसराच आकडा गाजला. कार्तिक आर्यन यांनी शरीरातली चरबी ३९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणली. मेहनत मोठी, त्याबद्दल शंका नाही. पण चरबी हे सावकाशीचं इंधन. ३७ सेकंदांच्या शर्यतीत तिचा वाटा नगण्य. तो आकडा शरीर कसं दिसतं ते सांगतो, ते पाण्यात काय करू शकतं हे सांगत नाही.

आमचा मुख्य आक्षेप याच्या पुढचा आहे. विजय राज यांनी उभा केलेला प्रशिक्षक टायगर अली सरावाची शिस्त दाखवतो, हे या चित्रपटाचं बळ. तरी शेवटी मनावर ठसतं ते एवढंच, की माणूस हरायला तयार नव्हता म्हणून जिंकला. इच्छेतून एटीपी तयार होत नाही हो! इच्छा माणसाला रोज पाण्यात उतरवते. त्या रोजच्या उतरण्यानं स्नायूतला ग्लायकोजेनचा साठा वाढतो, तो फोडणारी विकरं वाढतात. जिद्दीचं काम इथं, महिनोन्महिने चालतं. शर्यतीच्या क्षणी ती फक्त आधी साठवलेलं खर्च करू देते. शिवाय त्या साठ्यामागे अन्न, झोप, तलाव आणि माणसं लागतात. पेटकरांनाही विजय मर्चंट यांच्या संस्थेचा हात मिळाला होता.

यात एवढं काय बिघडलं, असं तुम्ही विचाराल. आपल्या गावात रात्रपाळी करून, अर्धपोटी घरी आलेल्या पोराला आपण सांगतो, ‘जिद्द ठेव, रोज पळ.’ त्याचे पाय जड होतात, कारण साठा भरलेलाच नसतो. पण तो समजतो, आपलं मनच कमकुवत. व्हीलचेअरवरच्या मुलीला तलावाच्या पायऱ्या उतरता येत नाहीत, आणि आपण तिला पेटकरांचं उदाहरण देतो. जिद्दीलाच इंधन म्हटलं की प्रत्येक अपयश त्या माणसाच्या चारित्र्यावर ढकलता येतं, आणि बाकीचे आपण सगळे सुटतो.

चित्रपट जरूर बघा, पेटकरांना मनापासून सलाम करा. फक्त बाहेर पडताना ‘केवढी जिद्द!’ म्हणून थांबू नका. ‘हा साठा भरला कसा, आणि कुणी भरू दिला?’ एवढं विचारा.